कोयनेखालचं पाणी

११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. कोल्हापुरातली आमची आधीची पिढी त्या धक्क्यानं अंथरुणातून उठून बाहेर पळाली. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. हे सर्वांना ठाऊक आहे. मला कित्येक वर्षं ओढ लावली आहे ती आदल्या वर्षीच्या एका निबंधानं.

१९६६ मध्ये रुरकीच्या भूकंप अभियांत्रिकी परिषदेत खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातल्या एस. के. गुहा, पी. डी. गोसावी आणि सहकाऱ्यांनी शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, परिसरातल्या हादऱ्यांवर निबंध मांडला. १९६२ मध्ये धरणात पाणी साठू लागलं आणि पुढच्या वर्षापासून हादरे वाढले. सुरुंग उडाल्यासारखे आवाज येत. दख्खनचं पठार अढळ मानलं जाण्याचा तो काळ. माझ्या मते भूकंपाच्या इतिहासात या निबंधाला मिळायला हवं होतं तेवढं स्थान मिळालेलं नाही.

पुढचा वाद दीर्घकाळ चालला: धरणामुळे की निसर्गतः? ‘पाण्याच्या वजनानं जमीन खचली’ हे गावोगावचं स्पष्टीकरण मला पटत नाही. शंभर मीटर पाण्याचा दाब दहा वातावरणांइतका. पाच किलोमीटर खाली खडकाचाच भार तेराशेच्या आसपास. एवढ्याशा ओझ्यानं काय होणार? पण भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या सरकू शकणाऱ्या भेगेच्या, दोन बाजू घट्ट धरून ठेवणाऱ्या दाबाला भेगांतलं पाणी आतून विरोध करतं. भ्रंश आधीच ताणलेला असेल, तर तेवढं पुरतं. शिवाय दाब खोलवर पोचायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यानंतर, सप्टेंबर ते डिसेंबरात धक्के वाढतात. कोयनेत हादरे सुरू झाले त्याच सुमारास अमेरिकेत डेन्व्हरजवळ रासायनिक शस्त्रांच्या कारखान्याचं सांडपाणी १९६२ पासून खोल विहिरीत दाबलं जात होतं आणि तिथंही जमीन हादरत होती. डेव्हिड इव्हान्सनी तो संबंध १९६५ मध्ये दाखवला.

कोयनेखाली अशा भेगा आहेतही: त्या परिसरातल्या गोठणे इथं २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल विंधनात सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण लागला, त्याखाली ग्रॅनाइट आणि त्यात भेगाळ पट्टे.

सह्याद्रीपलीकडे राजापूरजवळचं उन्हाळे, तुरळ, आरवली इथले गरम झरे म्हणजे अशाच भेगांची दुसरी करामत. पावसाचं पाणी खोल उतरतं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं आणि निवायच्या आत भेगेतून वर येतं. त्यांना ज्वालामुखी चिकटवणं चूक आहे. इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

पुन्हा धरणांकडे: कोयनेच्या दक्षिणेला वारणेचं पाणी १९८५ पासून अडवलं गेलं आणि १९९३ पासून मोठे धक्के दक्षिणेकडे सरकले, म्हणजे आमच्या शाहूवाडीच्या उंबऱ्याशी. भूभौतिकशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांच्या अभ्यासात पाणी चढण्याच्या वेगालाही महत्त्व आहे. वर्तमानपत्रं पावसाळ्यात रोज धरणातला साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, छापतात. त्याशेजारी आठवड्यात पातळी किती मीटर चढली आणि हादरे किती झाले, हेही छापावं.