एका डॉलरचें औषध

मधुमेहावरील इन्शुलिन १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें सांपडलें. तें सर्वांस मिळावें म्हणून संशोधकांनीं त्याचें पेटंट विद्यापीठास प्रत्येकीं एका डॉलरास देऊन टाकिलें. पुढें अमेरिकेंत निराळेंच घडलें. ह्युमलॉग या सुधारलेल्या इन्शुलिनची कुपी १९९६ सालीं २१ डॉलरांस मिळे. २०१९ पर्यंत ती २७५ डॉलरांच्या घरांत गेली.

कुपी तीच, मग भाव कां चढला? विमा कंपन्यांकरितां मान्य औषधांची यादी करणारे मध्यस्थ कारखानदाराकडून सूट घेतात. छापील किंमत मोठी, तर सूटही मोठी. यादीबाहेरील औषधाचा दावा विमा कंपनी नाकारते, आणि रोग्यास पुरी किंमत मोजावी लागते. कित्येकांनीं मात्रा कमी करून दिवस ढकलले. कांहीं त्यांत दगावले.

२०२२ च्या कायद्यानें मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांच्या सरकारी विम्यांत इन्शुलिनचा खर्च महिना ३५ डॉलरांवर रोखला. पुढें कंपन्यांनींही छापील किंमती उतरविल्या. विम्याचा नकारही अखेरचा नव्हे. २०१० च्या कायद्यान्वयें प्रथम कंपनीकडे, आणि प्रश्न वैद्यकीय निर्णयाचा असल्यास नंतर त्रयस्थ परीक्षकाकडे दाद मागतां येते. म्हणून नकाराचें पत्र फाडूं नये. दाद मागण्याचा आरंभ त्यापासूनच होतो.