कोबीचे पान आणि मोठे आतडे

लोणच्यासाठी मोहरी फेसली, की तिचा झणका थेट नाकात जातो. तीच मोहरी अख्खी फोडणीत तडतडली, तर मात्र झणका येत नाही. असे का व्हावे? या साध्या प्रश्नाचा माग घेत गेलो, तर आपण कर्करोगाच्या संशोधनापर्यंत जाऊन पोहोचतो.

मोहरी, कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि मुळा या वनस्पती एकाच कुलातल्या. त्यांच्या पानांत आणि बियांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात. या संयुगांना स्वतःचा झणका नसतो. त्यांचे विघटन करणारे मायरोसिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच पानात पण वेगळ्या जागी साठवलेले असते. अळीने पान कुरतडले, की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि उग्र पदार्थ तयार होतात. अळीला दूर ठेवण्याची ही वनस्पतीची युक्ती. कोबी चिरताना किंवा मोहरी फेसताना आपण नकळत अळीचेच काम करत असतो!

करून पाहा

दोन वाट्यांत एकेक चमचा मोहरीची ताजी पूड घ्या. एका वाटीत थोडे गार पाणी घाला. दुसऱ्या वाटीत मोठ्या माणसांच्या मदतीने उकळते पाणी घाला. दहा मिनिटांनी दोन्हींचा वास जपून घ्या. गार पाण्यातल्या मोहरीला चांगलाच झणका येईल. दुसरीला फारसा येणार नाही. कारण उष्णतेने विकर निकामी होते. फोडणीतही हेच घडते.

आतड्यात काय घडते?

कोबीच्या पानातील एका ग्लुकोसिनोलेटपासून इंडोल-३-कार्बिनॉल हे संयुग तयार होते. जठरातील आम्लामुळे त्याचे आणखी काही पदार्थ बनतात. आता मोठ्या आतड्याकडे वळू. त्याच्या अस्तरातील पेशी सतत झिजतात आणि साधारण आठवड्याभरात त्यांच्या जागी नव्या येतात. या नव्या पेशी पुरवणाऱ्या मूळ पेशींचे विभाजन बेताने चालावे लागते. ते बेबंद झाले, तर गाठ होऊ शकते.

अस्तरातील पेशींत अरिल हायड्रोकार्बन ग्राही नावाचे प्रथिन असते. कोबीपासून बनलेले पदार्थ त्याला कुलपात किल्ली बसावी तसे बसतात. मग हे प्रथिन मूळ पेशींच्या विभाजनाला लगाम घालणाऱ्या जनुकांना चालना देते.

लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील गिटा स्टॉकिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या उंदरांच्या आतड्यात हा ग्राही नव्हता किंवा त्याला चालना मिळत नव्हती, त्यांच्या आतड्याला दाह होऊन पुढे गाठी झाल्या. ग्राही आहे पण चालना अपुरी आहे, अशा उंदरांच्या खाद्यात इंडोल-३-कार्बिनॉल मिसळल्यावर मात्र रोगाला आळा बसला.

मग गोळी का घेऊ नये?

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय हा मार्ग किती फसवा असू शकतो, याचा धडा शास्त्रज्ञांना पूर्वीच मिळाला आहे. हिरव्या पानांत बीटा-कॅरोटीन असते. भाज्या अधिक खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, म्हणून याच पदार्थाला श्रेय दिले जात होते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,००० हून अधिक पुरुषांवर त्याची चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष हाती आला, तेव्हा सर्वांनाच धक्का बसला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी *अधिक* आढळला होता!

पानात एक संयुग एकटे नसते. त्याच्यासोबत तंतू असतात, इतर शेकडो पदार्थ असतात, आणि त्याची मात्राही बेताची असते. त्यातला एकच पदार्थ वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिला, तर परिणाम तोच होईल असे नाही.

म्हणून कोबी हे कर्करोगावरचे औषध आहे, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. आजारी माणसाने डॉक्टरांचे उपचार सोडून पाल्याचा रस पिणे तर धोक्याचेच. पण रोजच्या जेवणात पालेभाजी, कोबीची कोशिंबीर, मुळ्याचा पाला जरूर असू द्या. कोबी शिजवला तरी तो वाया जात नाही. आतड्यातील काही जिवाणू विकराचे काम थोडेफार पार पाडतात.