‘पाथरी’तील वर्णसंख्या : नियत अक्षरांच्या शब्दशोधाची पद्धती

दिलेली काही अक्षरे ज्यांत सर्वच्या सर्व आली आहेत असे दीर्घ इंग्रजी शब्द शोधून काढणे, हा वरवर पाहता केवळ करमणुकीचा विषय वाटतो. तथापि या शोधाची रीत निश्चित करू लागताच ‘अक्षर’ कशास म्हणावे, ‘शब्द’ कशास म्हणावे आणि शब्दाची लांबी कोणत्या मापाने मोजावी, हे भाषाभ्यासातील तीन मूलभूत प्रश्न पुढे उभे राहतात. परभणी जिल्ह्यातील पाथरी या तालुक्याच्या गावाचे नाव उदाहरणादाखल घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल.

रोमन लिपीत हे नाव पी, ए, टी, एच, आर, आय अशा सहा अक्षरांनी लिहिले जाते. त्यांपैकी एकही अक्षर दोनदा येत नाही. क्रम कोणताही असावा, इतर अक्षरे कितीही असावीत, परंतु या सहांपैकी एकही गळू नये, अशी अट घातली की शोधास प्रारंभ करता येतो.

प्रथमदर्शनी असे वाटते की, शब्द जितका लांब तितकी ही अट पुरी होण्याचा संभव अधिक. हे सर्वसाधारणपणे खरे असले तरी दैर्घ्यासाठी विख्यात असलेले तीन इंग्रजी शब्द येथे अनुत्तीर्ण होतात. ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’ या 45 अक्षरी शब्दात एच नाही; ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ या 29 अक्षरी शब्दात आर नाही; आणि ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ या 28 अक्षरी शब्दात पी नाही. याउलट ‘थेरपिस्ट’ हा अवघ्या 9 अक्षरांचा परिचित शब्द सहाही अक्षरे सामावून घेतो. ‘पार्टनरशिप’ (11), ‘फिलॅन्थ्रोपिस्ट’ (14) आणि ‘इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राफिकली’ (27) हेही अट पूर्ण करतात. त्यांहून दीर्घ असा ‘सुडोसुडोहायपोपॅराथायरॉइडिझम’ हा 30 अक्षरी शब्द वैद्यकशास्त्रातील आहे. फुलर ऑलब्राइट व त्यांचे सहकारी यांनी 1952 साली वर्णिलेल्या एका आनुवंशिक विकाराचे ते नाव होय.

उत्तीर्ण शब्दांत ग्रीक घटकांचे प्राबल्य दिसते, ते अकारण नव्हे. ग्रीक ‘फी’ व ‘थीटा’ ही अक्षरे लॅटिनमध्ये उतरविताना अनुक्रमे पी-एच व टी-एच अशा जोड्यांनी लिहिली गेली आणि तीच लेखनरीत इंग्रजीने स्वीकारली. त्यामुळे पी, टी आणि एच यांची एकत्र मागणी केली की शोध आपोआप शास्त्रीय परिभाषेच्या थराकडे वळतो. अक्षरसंच हा अशा प्रकारे शब्दाच्या व्युत्पत्तीचाही अप्रत्यक्ष निदर्शक ठरतो.

हाताने शोध करावयाचा तर कमी आढळणाऱ्या अक्षरांपासून आरंभ करणे श्रेयस्कर, कारण त्यामुळे उमेदवार शब्दांची संख्या लवकर घटते. यंत्राने शोधण्याची एक सुबक रीत अंकगणितावर आधारलेली आहे. ए ला 2, बी ला 3, सी ला 5 याप्रमाणे प्रत्येक अक्षरास क्रमाने एकेक मूळसंख्या द्यावी व शब्दातील सर्व संख्यांचा गुणाकार करावा. पी, ए, टी, एच, आर, आय यांच्या 53, 2, 71, 19, 61 व 23 या संख्यांचा गुणाकार 20,06,20,582 येतो. ज्या शब्दाच्या गुणाकारास या संख्येने निःशेष भाग जातो, तोच शब्द अटीत बसतो. कारण कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. ‘थेरपिस्ट’च्या बाबतीत भागाकार 52,327 येतो, 11, 67 व 71 हे त्याचे अवयव म्हणजेच उरलेली ई, एस व दुसरी टी ही अक्षरे होत. एखादे अक्षर दोनदा हवे असल्यास त्याच्या संख्येने दोनदा गुणावे, एवढेच.

हीच रीत मराठीस लावू जाता मात्र पहिल्याच पायरीवर अडचण येते. ‘पाथरी’त अक्षरे किती? वाचकाच्या दृष्टीने पा, थ, री अशी 3. व्याकरणाच्या दृष्टीने प्, आ, थ्, अ, र्, ई असे 6 वर्ण. 1991 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड संकेतानुसार संगणकात प, काना, थ, र व दीर्घ वेलांटी अशी 5 चिन्हे. रोमन लेखनातही 6 हीच संख्या येते, परंतु ते साम्य केवळ योगायोगाचे आहे. तेथे एका थ् साठी दोन अक्षरे खर्च होतात आणि ‘थ’मधील अकार लिहिलाच जात नाही.

या भेदाचा परिणाम थेट उत्तरावर होतो. ‘परमार्थी’ या शब्दात ‘पाथरी’चे सहाही वर्ण आहेत, पाचही संगणकीय चिन्हे आहेत, पण पा, थ, री यांपैकी एकही अक्षर नाही. दुसरीकडे ‘आई’ या शब्दात आ व ई हे वर्ण निःसंशय आहेत, परंतु स्वतंत्र स्वर आणि काना-वेलांटी यांना निरनिराळे संकेत असल्यामुळे संगणकास ते तेथे सापडत नाहीत. ‘थ’मधील अकारास तर स्वतंत्र चिन्हच नाही.

‘सर्वांत दीर्घ’ ही कल्पनाही मराठीत सैल पडते. समास, प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांच्या योगाने ‘परमार्थ’पासून ‘परमार्थसाधनेसाठीसुद्धा’ असे रूप सहज तयार होते आणि तेथेही थांबण्याचे बंधन नसते. म्हणून मोल्सवर्थचा 1857 चा कोश किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ असा एखादा ग्रंथ निश्चित करून, त्यातील मूळ नोंदींपुरताच शोध मर्यादित ठेवावा लागतो.

यातून अभ्यासकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. पोथीतील खंडित शब्दाची पूर्ती असो, शिलालेखातील पुसट अक्षरांचा तर्क असो, की वर्णांच्या वारंवारतेची गणना असो, मोजमापाचे एकक, शब्दांचा संग्रह आणि पुनरावृत्तीविषयीचा नियम या तीन गोष्टी आरंभीच नमूद केल्या पाहिजेत. त्या नमूद नसतील तर दोन प्रबंधांतील आकडे समान असूनही त्यांचा अर्थ भिन्न असू शकेल, आणि आकडे भिन्न असूनही दोन्ही बरोबर असू शकतील.