पेशी म्हातारी, की तिचे घर?

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर विद्यार्थ्याची लगेच सपाट होते. आजीची मात्र क्षणभर तशीच उभी राहते. यात इलॅस्टिनचाही वाटा आहे, पण येथे आपण कोलॅजेनपुरतेच पाहू.

अंतस्त्वचेचा बराचसा भाग कोलॅजेनच्या तंतूंचा असतो. तीन साखळ्या दोरीसारख्या पिळून त्याचा रेणू होतो. ही दोरी वळणाऱ्या तंतुजनक पेशी स्वतःही तंतूंना धरून ताणलेल्या असतात. वयानुसार, आणि उन्हाने अधिकच लवकर, काही विकरे हे तंतू तोडतात. तुटक्या तंतूंना धरून पेशीला ताण मिळत नाही. ती आकसते, कोलॅजेन कमी बनवते आणि तोडणारी विकरे मात्र जास्त!

मग दोष पेशीचा, की तिच्या घराचा? २००६ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी तिशीच्या आतील आणि ऐंशीपुढील माणसांची त्वचा तपासली. वृद्ध त्वचेत कोलॅजेनची निर्मिती फारच घटलेली होती. त्याच पेशी काढून काचपात्रात वाढवल्या, तेव्हा घट दिसली, पण बरीच कमी. म्हणजे दोष दोघांचाही. २०१३ मध्ये तेथीलच संशोधकांनी वृद्धांच्या त्वचेत हायलुरॉनिक आम्लाचा जेल टोचून भोवतालाला आधार दिला. आकसलेल्या पेशी पुन्हा ताणल्या आणि कोलॅजेन बनवू लागल्या. आम्हांला हा प्रयोग फार बोलका वाटतो.

कोलॅजेनच्या मलमांचे काय? अखंड कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो, की तो बाह्यत्वचा ओलांडून या पेशींपर्यंत पोचतच नाही.