‘ऑप्टिक्स’ या शब्दाचा अर्थ

चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘ऑप्टिशियन’ हीं अक्षरें प्रत्येकानें वाचलेलीं असतात. वरच्या वर्गांत गेलें म्हणजे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ‘ऑप्टिक्स’ हें प्रकरण येतें. आणि अमुक पुढाऱ्याच्या कृतीचें ‘ऑप्टिक्स’ चांगलें नव्हतें, असेंहि वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतें. चष्मा, प्रकाश आणि पुढारी यांचा परस्परांशीं संबंध काय, असा प्रश्न जिज्ञासु विद्यार्थ्यास सहजच पडेल.

हा शब्द मूळचा ग्रीक असून ‘पाहण्याचें शास्त्र’ असा त्याचा अर्थ आहे. संस्कृतांतील ‘अक्षि’ म्हणजे डोळा हा शब्द व हा ग्रीक शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघाले, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हां हा पाहुणा वाटतो तितका परका नाहीं. इ. स. पूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडनें या विषयावर ग्रंथ लिहिला. डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात व म्हणून ती दिसते, असें त्यानें गृहीत धरलें होतें. अकराव्या शतकांत इब्न अल्-हैथम या पंडितानें हें मत खोडून काढलें व प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो असें प्रतिपादन केलें. पुढें सन १७०४ मध्यें न्यूटनचा ‘ऑप्टिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पांढऱ्या प्रकाशांत अनेक रंग मिसळलेले असतात, हें त्यानें लोलकाच्या प्रयोगांनीं दाखविलें. अशा रीतीनें पाहण्याचें शास्त्र तें प्रकाशाचें शास्त्र झालें. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि कांचेच्या केसासारख्या तंतूंतून संदेश नेणारें ‘फायबर ऑप्टिक्स’ हीं सर्व याच शास्त्राचीं फळें होत.

राजकारणांतील अर्थ मात्र अगदीं अलीकडचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उत्तर अमेरिकेंत रूढ झालेला आहे. एखादी कृति लोकांच्या डोळ्यांना कशी दिसेल, तें तिचें ‘ऑप्टिक्स’. दुष्काळी गांवीं धान्य घेऊन गेलेला अधिकारी तेथेंच मेजवानी झोडूं लागला, तर धान्य चांगलें असूनहि ‘ऑप्टिक्स’ वाईट. उलट मूठभर धान्य वाटून दहा छायाचित्रें काढविलीं, तर ‘ऑप्टिक्स’ उत्तम, पण भुकेलेला उपाशीच! यास ‘देखावा’ म्हणावें, तर त्या शब्दांत खोटेपणाची छटा आहे. ‘ऑप्टिक्स’ मध्यें ती असतेच असें नाहीं. घरांतील वडील मंडळी ‘चारचौघांत हें बरें दिसत नाहीं’ असें म्हणतात, तोच याचा खरा मराठी अर्थ.

वडिलांचें हें म्हणणें अवश्य ऐकावें. परंतु तेवढ्यावरच थांबूं नये. पाण्यांत अर्धी बुडविलेली काठी वाकडी दिसते, पण बाहेर काढतांच ती सरळ असल्याचें कळतें. ‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केली नाहीं. दुसऱ्याचीं गणितें उतरून सजविलेली वही शिक्षकांस दोन दिवस सुंदर दिसेल. परीक्षेच्या दिवशीं मात्र ती काठी पाण्याबाहेर निघते. यास्तव, विद्यार्थिमित्रहो, आपलें काम चांगलें दिसावें अशी इच्छा जरूर धरा. पण आधीं तें चांगलें असावें याची काळजी घ्या.