न झालेल्या गोलची नोंद कोण ठेवतं? महेश गवळी आणि बचावपटूचं करिअर

कसारा लोकलच्या दारात उभं राहून ऐकणाऱ्यांना नमस्कार. मुरबाडच्या एसटीत रेंज येते-जाते म्हणून ऐकायचं सोडून वाचायला आलेल्यांनाही नमस्कार. हा आपल्या फुटबॉलवाल्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘अरे’ झाले ते काढलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

विषय साधा आहे. स्ट्रायकरचं करिअर कसं होतं ते आपण गोल मोजून सांगतो. मग बचावपटूचं कसं सांगायचं? उदाहरण म्हणून आपल्या शेजारच्या गोव्याचा एक निवृत्त खेळाडू घेऊ : महेश गवळी.

आधी कबड्डी

शहापूर-मुरबाडमध्ये फुटबॉलपेक्षा कबड्डी सगळ्यांना कळते, म्हणून तिथूनच सुरुवात करू. चढाईपटू आत आला की कोपऱ्यातला खेळाडू त्याच्या घोट्याला हात घालतो आणि कव्हरवाला मधल्या रेषेकडे पळायची वाट बंद करतो. पकड झाली की गुण. प्रो कबड्डीत एका सामन्यात पकडीचे पाच गुण झाले तर त्याला ‘हाय फाइव्ह’ म्हणतात. मॅटवर तीन किंवा कमी खेळाडू असताना पकड केली तर सुपर टॅकल, म्हणजे दोन गुण. थोडक्यात, गिरीश इरनाकसारख्या डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम थेट स्कोअरबोर्डवर दिसतं.

फुटबॉलमध्ये काम जवळपास हेच. दोन सेंटर बॅक असतात. एक पुढे जाऊन स्ट्रायकरला अडवतो, दुसरा मागची मोकळी जागा सांभाळतो. फरक असा, की अडवल्याचा गुण मिळत नाही. बॉल गोलमध्ये गेला नाही एवढंच. आणि जे घडलंच नाही त्याची नोंद कुठे करणार?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असंच असतं. सर्व्हर वर्षभर नीट चालला तर त्याची काळजी घेणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. रविवारी रात्री दहा मिनिटं बंद पडला, की सगळ्या ऑफिसला ते नाव पाठ होतं.

टॅकल मोजून काम भागेल का?

‘आता तर सगळा डेटा मिळतो, टॅकल मोजा की,’ असं कुणी म्हणेल. पण इथे गोची आहे. चांगला बचावपटू मुळात योग्य जागी उभा असतो. समोरच्याला पास देता येत नाही, तो बॉल मागे फिरवतो. टॅकलची वेळच येत नाही. उलट जो सतत जमिनीवर घसरून टॅकल करतो, तो बहुतेक वेळा आधी चुकीच्या जागी उभा असतो. व्हिडिओ त्याचाच भारी दिसतो, रीलही त्याचीच बनते.

मग क्लीन शीट मोजायच्या? त्यात गोलकीपर आणि बाकीच्या नऊ जणांचाही वाटा असतो. एकट्याच्या नावावर टाकता येत नाहीत.

म्हणून बचावपटूचं करिअर वाचताना मी वेगळे प्रश्न विचारतो. त्याला कुणी निवडलं? किती वर्षं निवडत राहिले? त्या काळात टीमचं काय झालं? आणि खेळणं थांबल्यावर लोकांनी त्याच्यावर काय काम सोपवलं? आता हेच प्रश्न गवळीला लावू.

गोवा, जमशेदपूर, कोलकाता

महेश गवळीचा जन्म १९८० चा, गोव्यातला. घडला जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत. १९८७ मध्ये सुरू झालेली ही निवासी अकादमी. तिथे राहायचं, शिकायचं, खेळायचं. त्या काळात देशात अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. रेनेडी सिंग, दीपक मंडल अशी भारताची एक अख्खी पिढी तिथून आली.

पुढे तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जाकार्ताला जाऊन आसियान क्लब स्पर्धा जिंकली, तेव्हा गवळी त्या टीममध्ये होता. फायनलमध्ये थायलंडच्या बीईसी तेरो सासना क्लबला ३-१ ने हरवलं. गोल कुणाचे? माइक ओकोरो, बायचुंग भुतिया, अल्विटो डिकुन्हा. ही नावं कोलकात्यात आजही लोक घडाघडा सांगतात. मागे कोण उभं होतं हे विचारा, मग जरा आठवावं लागतं.

धेंपोचा जमाना

गवळीचं नाव मुख्यतः जोडलं जातं ते पणजीच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबशी. कोच आर्मांदो कुलासो. २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत धेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकली : दोनदा नॅशनल फुटबॉल लीग आणि तीनदा आय-लीग. २००८ मध्ये एएफसी कपच्या सेमीफायनलपर्यंतही मजल मारली. यातला बराच काळ गवळी आणि समीर नाईक ही गोव्याचीच पोरं धेंपोच्या बचावफळीत होती.

त्या टीमचं नाव काढलं की लोकांना आठवतो नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. साहजिकच आहे. २०११-१२ च्या एकाच हंगामात त्याने ३२ गोल मारले. पण आठ वर्षांत पाच लीग नुसत्या गोलांवर येत नाहीत. गोल करणारा एखाद-दोन हंगाम तुम्हाला वर नेऊ शकतो. वर टिकायचं तर मागची फळी रोज तेच काम तितकंच नीट करणारी लागते.

त्याच काळात गवळी भारताकडूनही खेळत होता. २००७ मध्ये भारताने सीरियाला हरवून नेहरू कप जिंकला. २००८ मध्ये ताजिकिस्तानला ४-१ ने हरवून एएफसी चॅलेंज कप जिंकला आणि त्यामुळे २७ वर्षांनी, २०११ च्या आशियाई कपचं तिकीट मिळालं. ताजिकिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीची हॅटट्रिक होती, ती सगळ्यांच्या लक्षात आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. रोमानियाच्या मिओद्राग बेलोदेदिचचं बघा. १९८६ मध्ये स्टेआउआ बुखारेस्टकडून युरोपियन कप, १९९१ मध्ये युगोस्लाव्हियाच्या रेड स्टार बेलग्रेडकडून पुन्हा तोच कप. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून त्याने ही स्पर्धा जिंकली. आणि गंमत म्हणजे दोन्ही फायनल जादा वेळ धरून ०-० सुटल्या, निकाल पेनल्टीवर लागला. दोन फायनलची मिळून २४० मिनिटं आणि त्याच्या टीमवर एकही गोल नाही! तरी १९८६ म्हटलं की जग आठवतं चार पेनल्टी अडवणाऱ्या गोलकीपर डुकाडामला.

उलटही होतं. मुंबईचा राहुल भेके अजून खेळतोय. त्याने बचावपटू म्हणून किती हल्ले परतवले असतील. पण आयएसएल बघणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं : १७ मार्च २०१९ ची फायनल, गोव्याविरुद्ध ११७ व्या मिनिटाला हेडर, बंगळुरू चॅम्पियन. बचावपटू लक्षात राहिला तो गोल मारल्यामुळे.

निवृत्तीनंतरचा पुरावा

मला गवळीच्या करिअरचा सगळ्यात बोलका भाग वाटतो तो खेळ थांबल्यानंतरचा. २०२३ मध्ये बंगळुरूत सॅफ चॅम्पियनशिप झाली. मुख्य कोच इगोर स्टिमॅच यांना स्पर्धेत दोनदा रेड कार्ड मिळालं. त्यामुळे नेपाळविरुद्धचा सामना, लेबनॉनविरुद्धची सेमीफायनल आणि कुवेतविरुद्धची फायनल या तिन्ही वेळा मैदानाच्या कडेला उभा होता असिस्टंट कोच महेश गवळी.

नेपाळला २-० ने हरवलं. लेबनॉनशी ०-०, मग पेनल्टीवर ४-२. ४ जुलैच्या फायनलमध्ये कुवेतशी १-१, मग पेनल्टीवर ५-४. जादा वेळ धरून तीन सामन्यांची ३३० मिनिटं आणि भारतावर एकच गोल. श्रेय अर्थातच खेळाडूंचं, गुरप्रीतचं आणि स्टिमॅच यांनी केलेल्या तयारीचंही. पण ऐनवेळी मुख्य माणूस नसताना घडी विस्कटू न देणं हे सेंटर बॅकचंच काम आहे. तो पुढे जातो, तू मागची जागा सांभाळ.

समीर नाईकचंही तसंच. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. पुढे २०२४ मध्ये धेंपो खालच्या लीगमधून वर येऊन आय-लीगमध्ये परतला, तेव्हा कोच होता समीर नाईक.

आपल्या पोरांसाठी यात काय आहे?

आता खरा मुद्दा. भात कापलं की आपल्याकडे खाचरात मैदान तयार होतं. टीम पाडताना काय होतं? जो जरा जाड, जो हळू, ज्याला ‘स्किल’ नाही, तो मागे. ‘तू बॅकला थांब, आला बॉल की उडव.’ मागची जागा ही शिक्षा होऊन बसते. मग ज्याला खेळ वाचता येतो, कुठे उभं राहायचं ते आपोआप कळतं, असं पोरगं आपल्या हातात असूनही दिसत नाही. कारण आपण फक्त गोल मोजतो.

दुसरी अडचण जास्त मोठी. स्ट्रायकरने एका स्पर्धेत पाच गोल मारले तर त्याचं नाव पुढच्या गावात पोचतं. बचावपटूला मात्र कुणीतरी जाणकाराने सलग काही सामने बघावं लागतं. त्यासाठी कायमचे क्लब लागतात. मुंबईत महिंद्रा युनायटेड होता, २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसीही गेला. आसनगावहून निघून कूपरेजला पोचायला लोकलमध्येच दोन तास जातात, आणि मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. आपल्या जिल्ह्यात, घणसोलीला, रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे खरी, पण तिथवर नाव जायला आधी गावात कुणीतरी ते घ्यायला हवं.

म्हणून पुढच्या सामन्यात एक साधं काम करा. तुमच्या टीमचे सामने कुणी मोबाइलवर शूट करत असेल, तर कॅमेरा फक्त बॉलच्या मागे पळवू नका. निदान एक हाफ मागची फळी दिसेल असा लांबून धरा. रात्री बघा : तुमचा बॅक बॉल येण्याआधी हलतो की आल्यावर? शेजारच्याला ओरडून सांगतो का? साथीदार पुढे गेला की आपण मागे सरकतो का? ही तीन उत्तरं ‘हो’ असतील तर त्या पोराचं नाव गावातल्या कोचपर्यंत पोचवा, व्हिडिओसकट. आणि त्यालाही सांगा, त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तर मंडळी, तुमच्या गावच्या टीममध्ये मागे कोण उभं असतं, आणि त्याचं काय भारी आहे, ते आम्हाला कळवा. फुटबॉल असो की कबड्डी. भाग आवडला तर ग्रुपवर टाका, विशेषतः त्या ग्रुपवर जिथे सगळे स्वतःला स्ट्रायकर समजतात. भेटू पुढच्या भागात!