वसतिगृहातले पहिले आठवडे

जून संपता संपता नागपूरच्या रामदासपेठेचा चेहरा बदलतो. एरवी ही वस्ती दवाखान्यांची, विद्यापीठाच्या ग्रंथालयाची आणि लेंड्रा पार्कात सकाळी फिरायला येणाऱ्यांची. पण दहावीचे निकाल लागून प्रवेश झाले, की सेंट्रल बाजार रोडच्या आतल्या गल्ल्यांत ऑटो थांबू लागतात. त्यातून आधी गादीची वळकटी उतरते, मग बादली, मग नवी कोरी सुटकेस, आणि सर्वांत शेवटी एक मुलगी. तिची अम्मी तिच्याहून जास्त घाबरलेली असते. कुणी पुसदचे असते, कुणी कारंज्याचे, कुणी गोंदियाचे, तर कुणी पलीकडच्या सिवनी-बालाघाटचे. अकरावी सायन्स आणि सोबत नीटची तयारी, असा बहुतेकींचा बेत असतो.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे मुलींना बाहेरगावी पाठवणारे पालक एकदा तरी आमच्याकडे येतात. फी, अंतर, वसतिगृहाची वेळ हे सगळे विचारून झाले, की उठता उठता खरा प्रश्न निघतो: "ती तिथे टिकेल का?" त्याच्या आत आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो सहसा कुणी तोंडाने विचारत नाही: "आणि टिकली, तर आपली राहील का?"

आमची एक विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी अशीच रामदासपेठेत एका खासगी वसतिगृहात राहायला आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, विज्ञानात शाळेत पहिली. मेस शाकाहारी होती, त्यामुळे हलाल-हरामचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता वरणातल्या गुळाचा. घरी वऱ्हाडी तिखट खाणाऱ्या मुलीला ते गोड वरण घशाखाली उतरेना आणि हिरवी मिरची मागायचा धीर होईना. पहाटे साडेचारला फजरसाठी उठावे तर दिवा लावल्याने खोलीतली दुसरी मुलगी जागी होईल, म्हणून पहिले तीन दिवस तिने व्हरांड्यात अंधारात नमाज पढली. चौथ्या दिवशी गोंदियाची ती मुलगीच म्हणाली, "अगं, लाव की दिवा. मलाही पाचला अभ्यासाला उठायचंच असतं." इतक्या साध्या वाक्याने तिचा अर्धा भार उतरला.

उरलेला अर्धा वर्गात होता. 'इसराअ' म्हणजे काय, हे तिला कुणीही विचारले असते तर तिने फळ्यावर सोडवून दाखवले असते. पण सर 'अ‍ॅक्सलरेशन' म्हणत होते. 'जियाई तालीफ' तिला तोंडपाठ होती, 'फोटोसिंथेसिस' ऐकून मात्र ती गप्प बसली. विषय येतो, पण त्याचे नाव येत नाही. या अवस्थेत हुशार मूल स्वतःला मठ्ठ समजू लागते, आणि अशा मुलांची मोजदाद कुठल्याच निकालपत्रकात होत नाही.

घरी फोन संध्याकाळी अर्धा तास. "सब ठीक है" हे उत्तर आठ दिवस चालले. नवव्या दिवशी हुंदका फुटला आणि अब्बा गाडी काढून निघाले. वाटेतून त्यांनी आम्हाला फोन केला. आम्ही एवढेच म्हटले, की जरूर भेटा, बाहेर नेऊन पोटभर जेवू घाला, पण सुटकेस खाली आणू नका. त्यांनी तिला फुटाळ्यावर नेले, दोन तास नुसते बोलू दिले आणि सातच्या आत परत सोडले. तिने पुढची दोन्ही वर्षे तिथेच काढली.

हे सारे आपल्याच मुलींच्या वाट्याला येते असे पालकांना वाटते. दीडशे वर्षांपूर्वी चीनच्या मुलांनीही हेच सोसले, तेही समुद्रापार. युंग विंग हे १८४७ साली अमेरिकेत गेले, तिथल्या मॉन्सन अकॅडमीत आणि मग येल विद्यापीठात शिकून १८५४ साली पदवीधर झाले. आपल्यासारखी संधी मायदेशातल्या मुलांना मिळावी म्हणून ते पुढे अनेक वर्षे चीनच्या सरकारमागे लागले. अखेर १८७२ ते १८७५ या काळात दरवर्षी तीस अशी एकशे वीस मुले अमेरिकेला रवाना झाली. बहुतेकांचे वय दहा ते सोळा. मुलगा पंधरा वर्षे परदेशात राहील आणि तिथे त्याचे काही बरेवाईट झाले तर सरकार जबाबदार नाही, अशा कागदावर बापांनी सह्या केल्या होत्या. आपल्याकडच्या वसतिगृहाचा फॉर्म भरताना ज्यांचा हात थरथरतो, त्यांनी त्या सह्यांचा विचार करून पाहावा.

त्यातला यान फू ली नावाचा मुलगा १८७३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी पोचला. पुढे १८८७ साली त्याने आपल्या लहानपणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात या दिवसांची हकीकत आहे. ज्या घरी राहायचे तिथल्या बाई त्याला न्यायला आल्या आणि त्यांनी सर्वांसमोर त्याला जवळ घेऊन त्याचा मुका घेतला. बाकीची मुले हसली, हा लाजून लाल झाला; तान्हेपणानंतर कुणी त्याचा मुका घेतलेला नव्हता. मग आला रविवार. 'संडे स्कूल'ला चला असे सांगितल्यावर त्याला आणि त्याच्या सोबत्याला त्यातला 'स्कूल' एवढाच शब्द कळला. पुस्तके घेऊन दोघे निघाले. आत गेल्यावर ध्यानात आले की हे तर चर्च, आणि दोघांनी जी धूम ठोकली ती थेट घरी येऊनच थांबले. रस्त्याने जाताना पायघोळ झगे आणि लांब वेण्या पाहून लोक या मुलांना मुली समजत, ते वेगळेच.

पण त्याच घरात त्याला भाषा शिकवण्याची जी रीत होती, ती शिक्षक म्हणून आम्हाला फार आवडली. जेवणाच्या टेबलावर पदार्थाचे नाव सांगितले जाई. नाव लक्षात ठेवले नाही तर तो पदार्थ मिळायचा नाही. थोडी कठोर रीत खरी. पण भुकेल्या मुलाचे इंग्रजी भराभर सुधारले असे तो स्वतःच सांगतो. आमच्या त्या विद्यार्थिनीसाठीही शेवटी असेच काही करावे लागले: एक वही, डावीकडे उर्दू शब्द, उजवीकडे इंग्रजी, रोज दहा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वहीची गरज संपली होती.

त्या योजनेत दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या. मुलांना एकेकटे न ठेवता दोन-दोन, चार-चार असे एकेका घरी ठेवले, आणि ठरावीक काळाने हार्टफर्ड शहरात बोलावून त्यांचा चिनी भाषेचा अभ्यास घेतला. तरीही १८८१ साली सारी योजना गुंडाळून मुलांना परत बोलावले गेले. काहींनी वेण्या कापल्या होत्या, काही चर्चला जाऊ लागले होते, बेसबॉल खेळत होते. मुले आपली राहिली नाहीत असे वरिष्ठांना वाटले. इतर राजकीय कारणेही होती, पण ही भीती मोठी होती. तोवर पदवी हाती आली होती ती फक्त दोघांच्या. त्यांपैकी झान त्यान्यू यांनी पुढे बीजिंग ते झांगजियाको हा डोंगरातून जाणारा रेल्वेमार्ग बांधून १९०९ साली पुरा केला. बाकीच्या शंभरजणांना आणखी चार वर्षे मिळाली असती तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आपल्या घरांतही अशी उदाहरणे आहेत, ती मुलींना सांगितली जात नाहीत एवढेच. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला गेल्या. त्यांची बहीण नाझली म्हणजे मुरूडच्या जंजिरा संस्थानची बेगम. अतियाबी तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या, भाऊ सोबत होता. त्यांनी पडदा पाळला नाही, पण डोके झाकणारा आपल्या पद्धतीचा पोशाख तिथेही सोडला नाही. रमजानही त्या पहिल्याच आठवड्यांत, ऑक्टोबरमध्ये लागला. समुद्रप्रवास, लंडनची माणसे, कॉलेज हे सारे त्या रोजनिशीत उतरवून बहीण झेहरा यांना पाठवत. झेहरा ते लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या नियतकालिकाकडे पोचवत, आणि हिंदुस्तानभरच्या घरांत बायका ते वाचत. या घराण्यात 'अखबार की किताब' ठेवायची चाल होती. घरातल्या कुणीही, बायकांनीसुद्धा, त्या दिवशीचे त्या वहीत लिहायचे. लिहिण्याची सवय तिथली. पुढे या रोजनिशीचे 'जमाना-ए-तहसील' नावाने पुस्तक झाले.

अतियाबींनी तो अभ्यासक्रम पुरा केला नाही. तब्येत ढासळली आणि सुमारे वर्षभराने त्या परतल्या. नंतर त्यांनी भारतीय संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, नाव कमावले. आमच्याच एका दुसऱ्या मुलीला तिच्या अम्मीने तीन आठवड्यांनी घरी नेले होते. ती रडत नव्हती. तिने बोलणेच बंद केले होते, जेवण टाकले होते, आणि ताप उतरत नव्हता. तिला नेले ते योग्यच झाले. तालुक्याच्या कॉलेजात बारावी करून ती आता नर्सिंगला आहे. रडणारे मूल बहुधा सावरते. गप्प झालेल्या मुलाकडे मात्र त्याच दिवशी जावे.

अतियाबी लंडनला गेल्या त्याच १९०६ साली कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. दसरा चौकात ते आजही आहे. खेड्यातल्या मुस्लिम मुलाला शहरात शिकायला छप्पर हवे, हे त्या राजाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते. मुलींसाठी अशी छपरे विदर्भात आजही पुरेशी नाहीत, म्हणून खासगी वसतिगृहांचे दर भरावे लागतात, आणि ते भरण्यासाठी कुणाची अम्मी आपल्या बांगड्या मोडते. हे आम्ही पाहिले आहे.

यंदा ज्यांना मुलगी पाठवायची आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. शक्य तर एकाच गावच्या दोघींना एका खोलीत ठेवा. पहिल्या महिन्यात फोनवर टेस्टचे गुण विचारू नका. जेवायला काय होते, शेजारी कोण बसले, नळाला पाणी किती वाजता येते, हे विचारा. अशा प्रश्नाला "सब ठीक है" म्हणून सुटता येत नाही. धाकट्या भावंडांना फोन द्या, त्यांच्याशी ती जास्त खरे बोलेल. फजरची, जुम्म्याची, रमजानच्या सहरीची सोय वॉर्डनबाईंशी प्रवेशाच्या दिवशीच मोकळेपणाने बोलून घ्या. बहुतेक बाई ऐकतात, त्यांना कुणी विचारलेलेच नसते. आणि मेसचे जेवण अजिबातच जमत नसेल तर मोमिनपुऱ्याकडून घरगुती डबा लावता येतो. मात्र तो रविवारी येतो का, हे आधी विचारून ठेवा.